प्रीएक्लॅम्प्सिया: नोंदींचा मेळ बसवताना

गरोदरपणाचा विसावा आठवडा उलटल्यावर रक्तदाब चढतो, लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात, आणि वेळीच आवर घातला नाही तर झटके येऊन आई-बाळ दोघंही दगावू शकतात. या प्रीएक्लॅम्प्सियावर जगभर संशोधन झालं, पण एका रुग्णालयाचे आकडे दुसऱ्याशी जुळेनात.

रक्तदाबाचा खालचा आकडाच बघा. स्टेथोस्कोपमधले ठोके मंदावले की तो लिहायचा, की पूर्ण थांबल्यावर? काही गरोदर स्त्रियांमध्ये ठोके पारा पार खाली जाईपर्यंत ऐकू येतात. म्हणून कित्येक डॉक्टर मंदावलेला ठोका धरत, बाकीचे थांबलेला. निदानाची रेषा ९० वर, त्यामुळे तीच बाई एकीकडे आजारी आणि दुसरीकडे ठणठणीत ठरे. ठोके थांबण्याचा क्षणच धरायचा, यावर एकमत व्हायला शतक सरावं लागलं.

सगळे एकाच रीतीने नोंदी ठेवू लागले तर काय साधतं, हे २००२च्या मॅग्पाय चाचणीने दाखवलं. ३३ देश, १०,१४१ स्त्रिया, आणि निष्कर्ष स्वच्छ: मॅग्नेशियम सल्फेटने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो. आपल्याकडे प्रसूतिगृहात हे औषध आज हाताशी असतं, त्याला अशा चाचण्यांचा आधार आहे.

तरीही घोळ सरला नव्हता. २०१३मध्ये अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने निदानासाठी प्रथिनांची अट सैल केली, म्हणजे जुन्या-नव्या अभ्यासांतल्या रुग्णच वेगळ्या झाल्या. पुढच्याच वर्षी संशोधकांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने प्रत्येक अभ्यासात किमान कोणती माहिती घ्यावी, याचा आराखडा मांडला. वारेचे नमुने कसे घ्यावेत, यावरही त्याच सुमारास लिहिलं गेलं: वजन नाळ आणि पडद्यांसकट की त्यांच्याविना, तुकडा मधला की कडेचा, प्रसूतीनंतर किती वेळात गोठवला. हे तपशील किरकोळ वाटतात, पण वारेतले रेणू मिनिटागणिक बदलतात.

२०१७च्या एका आढाव्यात ७९ चाचण्यांत तब्बल ११९ वेगवेगळे परिणाम मोजलेले आढळले. त्यानंतर डॉक्टर, संशोधक आणि स्वतः हा आजार भोगलेल्या स्त्रिया यांनी मिळून २०२०मध्ये २२ परिणामांची यादी ठरवली: आईचे १४, बाळाचे ८. या आजारात काय मोजायचं हे रुग्ण स्त्रियांनाही विचारलं गेलं, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

आता काम तपासणीच्या टेबलावर आहे. गावातल्या आरोग्य केंद्रात रक्तदाब मोजणाऱ्या प्रत्येक सिस्टरला एवढीच विनंती: आकडा अंदाजाने शेवटी शून्य येईल असा करू नका, दिसला तसा लिहा, आणि शेजारी गरोदरपणाचा आठवडा जरूर टाका.