विश्लेषण : शस्त्रक्रियेविना शंभर किलो वजन घटवता येते का? आणि घटलेले टिकते का?

अंधेरी पश्चिमेच्या लोखंडवाला परिसरात राहिलेले गायक अदनान सामी यांचे वजन एकेकाळी सुमारे २३० किलो होते. शंभर किलोंहून अधिक वजन आपण बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रियेविना उतरवले, असे ते अनेक मुलाखतींत सांगत आले आहेत. उपनगरांतल्या जिममध्ये, सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आणि सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या गप्पांत हे उदाहरण हटकून निघते. त्यातून एखाद्याला उमेद येते, तर एखादा दुसऱ्याच दिवशी जेवण सोडून बसतो. शस्त्रक्रियेविना नेमके किती वजन घटू शकते, ते परत का येते आणि टिकवायचे असेल तर काय करावे लागते, याविषयी…

अदनान सामी यांनी नेमके काय केले?

वजन असेच राहिले तर सहा महिन्यांहून अधिक जगणे कठीण आहे, असा इशारा डॉक्टरांनी दिल्यावर वडिलांनी आपल्याकडून वचन घेतले, असे सामी सांगतात. अमेरिकेत ह्यूस्टन येथे आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली त्यांनी सुरुवात केली. साखर, भात, ब्रेड, तेल आणि मद्य बंद करून प्रथिनांवर भर दिला. व्यायाम मात्र लगेच सुरू झाला नाही. इतक्या वजनाचा भार गुडघ्यांना आणि हृदयाला झेपत नाही, त्यामुळे आधी आहार आणि वजन बरेच उतरल्यावर ट्रेडमिल, असा क्रम होता. दीड वर्षाच्या आत मोठा पल्ला गाठला गेला. २०२२ मध्ये मालदीवच्या सुट्टीतील त्यांची छायाचित्रे समाजमाध्यमांवर गाजली, ती त्यानंतर दीड दशकाने. ही लढाई शरीरापेक्षा मनाची अधिक होती, असे ते सांगतात. या गोष्टीत जादूचा काढा नाही. डॉक्टरांचा इशारा, तज्ज्ञांची देखरेख आणि घरच्यांची साथ आहे. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या मजकुरात नेमके हेच तीन भाग गळलेले असतात.

किती वजन म्हणजे जास्त?

किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय मिळतो. भारतीयांमध्ये पोटाभोवती चरबी लवकर साठते आणि मधुमेहही कमी वजनावर गाठतो. म्हणून आपल्याकडे २३ च्या पुढे अतिवजन आणि २५ च्या पुढे स्थूलता मानली जाते. कंबरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक असणे हाही धोक्याचा इशारा. उंची १६५ सेंटिमीटर आणि वजन १२० किलो असेल तर बीएमआय ४४ होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील २४ टक्के स्त्रिया आणि सुमारे २३ टक्के पुरुष अतिवजन किंवा स्थूल गटात मोडतात. म्हणजे चार जणांच्या बाकावर बसलेल्यांपैकी जवळपास एक.

शस्त्रक्रियेविना किती वजन घटू शकते?

टोकाचे उदाहरण स्कॉटलंडमधील अँगस बार्बिएरी यांचे. १९६५-६६ मध्ये त्यांनी डंडी येथील डॉक्टरांच्या देखरेखीखाली ३८२ दिवस अन्न घेतले नाही. वजन २०७ किलोंवरून ८२ किलोंवर आले. त्यांना जीवनसत्त्वे आणि क्षार दिले जात होते, रक्ताच्या तपासण्या होत होत्या. त्या काळात अशाच प्रदीर्घ उपवासांत काही रुग्ण दगावलेही. म्हणून वैद्यकशास्त्राने हा मार्ग सोडून दिला.

सामान्य माणसाच्या आवाक्यातील पुरावा ब्रिटनमधील ‘डायरेक्ट’ चाचणीत मिळतो. टाइप टू मधुमेहाच्या सुमारे ३०० रुग्णांवर ती झाली. त्यांतील निम्म्यांना फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यातूनच तीन ते पाच महिने रोज सुमारे ८५० उष्मांकांचा द्रव आहार आणि पुढे हळूहळू नेहमीचे जेवण देण्यात आले. वर्षभराने त्यांतील २४ टक्के जणांचे वजन १५ किलो किंवा अधिक घटले. ४६ टक्के जणांचा मधुमेह औषधाविना आटोक्यात आला. १५ किलोंहून अधिक घट झालेल्यांत हे प्रमाण ८६ टक्के होते.

थोडक्यात, १०-१५ टक्के घट हे खडतर पण शक्य कोटीतील उद्दिष्ट आहे. शंभर किलो हा अपवाद आहे. १२० किलोच्या माणसाचे १८ किलो घटले तर आरशात फरक कदाचित थोडाच दिसेल. साखर, रक्तदाब, गुडघेदुखी आणि झोपेतील श्वासाचा अडथळा यांत मात्र तो मोठा असतो.

मग वजन परत का येते?

खरी अडचण इथे आहे. ‘द बिगेस्ट लूजर’ या अमेरिकी कार्यक्रमातील १४ स्पर्धकांचा पाठपुरावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. कार्यक्रमात त्यांचे वजन सरासरी ५८ किलोंनी उतरले होते. सहा वर्षांत त्यांतील ४१ किलो परत आले. शिवाय त्यांच्या वजनाच्या आणि वयाच्या माणसाकडून जेवढी ऊर्जा विश्रांतीत खर्च व्हायला हवी, त्यापेक्षा रोज सुमारे ५०० उष्मांक कमी खर्च होत होते. शरीराला वजन घटणे हा दुष्काळ वाटतो आणि ते काटकसर सुरू करते.

त्यात भुकेची भर पडते. भूक चाळवणारी आणि पोट भरल्याची जाणीव देणारी संप्रेरके वजन उतरल्यानंतर वर्षभरानेही मूळपदावर येत नाहीत, असे २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवले. म्हणजे वजन वाढले की ‘जिभेवर ताबा नाही’ असा शेरा मारणे अन्यायाचे आहे.

पैसा आणि प्रशिक्षक असले तरी ही ओढ सुटत नाही. मुंबईतील अनंत अंबानी यांचे वजन १८ महिन्यांत १०८ किलोंनी घटल्याचे २०१६ मध्ये समोर आले. पुढे ते पुन्हा वाढले. दम्यासाठी बराच काळ स्टिरॉइड द्यावी लागल्याचे त्यांच्या मातोश्री नीता अंबानी यांनी जाहीरपणे सांगितले आहे. स्टिरॉइड, इन्सुलिन आणि काही मानसोपचाराची औषधे वजन वाढवतात. म्हणून आहार बदलण्याआधी औषधांची यादी डॉक्टरांना दाखवणे ही पहिली पायरी. औषधे परस्पर बंद करणे मात्र धोक्याचे.

दीक्षित की दिवेकर?

महाराष्ट्रात हा वाद २०१८ च्या सुमारास घराघरांत रंगला. दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या मांडणीवरून प्रेरणा घेऊन डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनच जेवणे, प्रत्येक ५५ मिनिटांच्या आत, आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणे हा मार्ग सांगितला. मुंबईच्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांचा भर थोड्या थोड्या अंतराने, स्थानिक, हंगामी आणि घरचे खाण्यावर आहे.

अमेरिकेत २०१८ मध्ये ६०९ जणांवर वेगळ्या दोन आहारांची, कमी स्निग्ध आणि कमी कर्बोदके यांची, वर्षभर तुलना झाली. सरासरी घट ५.३ आणि ६ किलो. दोन्हींत म्हणावा असा फरक नव्हता. मात्र प्रत्येक गटात कुणाचे वजन खूप उतरले, तर कुणाचे वाढले. त्यामुळे कोणता आहार श्रेष्ठ यापेक्षा कोणता आहार आपण पाच वर्षे पाळू शकतो, हा प्रश्न अधिक उपयोगाचा. दीक्षित आणि दिवेकर या दोघांच्या सल्ल्यातील सामाईक भागही लक्षात घ्यावा : गोड चहासोबत दिवसभर चालणारी बिस्किटे, फरसाण आणि पाकीटबंद खाणे दोन्हींत बसत नाही.

इंजेक्शनांनी प्रश्न सुटला का?

मार्च २०२५ मध्ये टिर्झेपटाइड (मौंजारो) आणि जून २०२५ मध्ये सेमाग्लुटाइड (वेगोव्ही) हे आठवड्यातून एकदा घ्यायचे इंजेक्शन भारतात आले. ती भूक कमी करतात आणि पोट रिकामे होण्याचा वेग मंदावतात. जागतिक चाचण्यांत सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के, तर टिर्झेपटाइडच्या सर्वाधिक मात्रेने ७२ आठवड्यांत सुमारे २१ टक्के वजन घटले. शस्त्रक्रियेविना इतकी घट आधीच्या औषधांनी कधी दाखवली नव्हती.

पण सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आले. म्हणजे हा रक्तदाबाच्या गोळीसारखा दीर्घकाळाचा उपचार आहे, लग्नाआधीचा तीन महिन्यांचा कोर्स नव्हे. मौंजारोची किंमत बाजारात येताना सुरुवातीच्या मात्रेला महिन्याला सुमारे १४ हजार रुपये होती. सेमाग्लुटाइडच्या पेटंटची भारतातील मुदत मार्च २०२६ पर्यंतची असल्याने स्वस्त पर्यायांचा मार्ग मोकळा होतो. मळमळ, उलटी, बद्धकोष्ठता हे नेहमीचे त्रास. पित्ताशयातील खडे आणि स्वादुपिंडाचा दाह हे क्वचित पण गंभीर. गर्भधारणेचा विचार असलेल्या स्त्रियांनी ती घेऊ नयेत. जिममधून किंवा ओळखीच्या केमिस्टकडून चिठ्ठीविना इंजेक्शन घेणे हा जिवाशी खेळ ठरू शकतो.

लोकलच्या वेळापत्रकात हे कसे बसवायचे?

बोरिवलीहून किंवा मुलुंडहून सकाळची जलद गाडी पकडणारा माणूस रात्री नऊला घरी पोहोचतो आणि दिवसातले सर्वांत मोठे जेवण झोपण्याच्या तोंडावर घेतो. त्याला रोज दोन तास जिम सांगणे व्यर्थ. आधी स्वयंपाकघराचा हिशेब करावा. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल संपत असेल, तर माणशी रोज सुमारे ४२ मिलिलिटर, म्हणजे साडेतीनशेच्या आसपास उष्मांक केवळ तेलातून जातात. तोच डबा तीन लिटरवर आणला तर प्रत्येकाचे रोज सुमारे १४० उष्मांक वाचतात आणि कुणा एकाला ‘डाएट’वर असल्याचे वाटत नाही.

दुसरे, ताटातील क्रम. भात-पोळीआधी मुगाची किंवा मटकीची उसळ, अंडी, मासे, पनीर, कोशिंबीर. प्रथिनांनी पोट लवकर भरते आणि वजन उतरताना स्नायू टिकतात. तिसरे, संध्याकाळच्या भुकेची तयारी. घाटकोपर स्थानकाबाहेर वडापावचा वास येतो तेव्हा निर्धार नव्हे, पिशवीतले चणे-शेंगदाणे कामी येतात. चौथे, चालणे. रिक्षाऐवजी एक थांबा पायी, सरकत्या जिन्याऐवजी साधा जिना, रविवारी बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान. गुडघे दुखत असतील तर पोहणे किंवा खुर्चीतील व्यायाम, आणि आठवड्यातून दोनदा वजन उचलण्याचा हलका सराव.

वजन टिकवणारे वेगळे काय करतात?

अमेरिकेत १९९४ पासून एक नोंदवही ठेवली जाते. किमान साडेतेरा किलो घटवून ते वर्षभर टिकवलेल्यांची तीत नोंद होते. त्यांतील बहुतेकांच्या सवयी कंटाळवाण्या आहेत : रोज सरासरी तासभर हालचाल, न चुकता न्याहारी, आठवड्यातून एकदा तरी काट्यावर उभे राहणे, टीव्हीसमोर कमी वेळ. दोन किलो वाढले की लगेच लक्षात येणे, हाच काट्याचा उपयोग. वीस किलो वाढल्यावर जाग येण्यापेक्षा ते सोपे.

धोका कुठे? शस्त्रक्रिया कुणासाठी?

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने अचानक जेवण निम्म्यावर आणले तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. रक्तदाबाच्या औषधांची मात्राही बदलावी लागते. झपाट्याने वजन उतरल्यास पित्ताशयात खडे होतात, केस गळतात, स्नायू झिजतात. म्हणून आठवड्याला अर्धा ते एक किलो हा वेग सुरक्षित मानतात. त्याहून कडक आहार केवळ वैद्यकीय देखरेखीखाली. घरातील किशोरवयीन मुलांवर हे प्रयोग करूच नयेत.

बीएमआय फार जास्त असेल, मधुमेह किंवा झोपेतील श्वासाचा अडथळा गंभीर असेल आणि प्रामाणिक प्रयत्न करूनही वजन हटत नसेल, तर शस्त्रक्रिया हा पराभव नव्हे, उपचार आहे. त्यानंतरही आहार आणि चालणे सुटत नाही. सुरुवात महागड्या पावडरच्या डब्यापासून नव्हे, जवळच्या डॉक्टरपासून करावी. कूपर, राजावाडी यांसारख्या पालिका रुग्णालयांतही मेडिसिन विभागाची ओपीडी असते. साखर, थायरॉइड, यकृत आणि रक्तदाब तपासून घ्यावेत. मग स्वतःला एकच प्रश्न विचारावा : आज जे सुरू करतो आहे, ते पुढच्या गणपतीतही चालू असेल का? उत्तर ‘नाही’ असेल, तर योजना बदलावी.