विश्लेषण : संत व्हॅलेंटाइन ‘प्रेमाचे संत’ कधी झाले?

जानेवारी संपता संपता मावळातल्या पॉलिहाऊसमधून लाल गुलाबांच्या पेट्या परदेशी रवाना होऊ लागतात आणि इकडे ‘हा सण आपला नाही, ख्रिश्चनांचा आहे’ हा वादही ठरल्याप्रमाणे सुरू होतो. गंमत अशी, की ज्या संताच्या नावाने १४ फेब्रुवारी ओळखला जातो, त्याचे नाव कॅथलिक चर्चच्या जगभरासाठीच्या सामायिक दिनदर्शिकेत आज नाही. ते खुद्द चर्चनेच १९६९ मध्ये काढले. मग या दिवसाचा चर्चशी संबंध किती आणि प्रेमाशी किती?

संत व्हॅलेंटाइन नेमके कोण?

इथूनच गोंधळ सुरू होतो, कारण व्हॅलेंटाइन एक नाहीत. जुन्या हुतात्मा-याद्यांत १४ फेब्रुवारीला या नावाच्या दोघांची नोंद मिळते. एक रोममधील धर्मगुरू, तर दुसरे रोमच्या उत्तरेकडील तेर्नी (तेव्हाचे इंतेराम्ना) गावचे बिशप. आफ्रिकेत हौतात्म्य पत्करलेल्या तिसऱ्या व्हॅलेंटाइनचाही उल्लेख आहे. पण त्यांच्याविषयी नावापलीकडे काही कळत नाही.

रोमचे धर्मगुरू व्हॅलेंटाइन सम्राट क्लॉडियस दुसरा याच्या काळात, म्हणजे इ. स. २७० च्या आसपास मारले गेले, असे परंपरा सांगते. त्यांचे दफन रोममधून उत्तरेला जाणाऱ्या फ्लामिनिया रस्त्याच्या कडेला झाले. चौथ्या शतकात पोप ज्युलियस पहिले यांनी तिथे चर्च बांधल्याची नोंद आहे. शहराच्या त्या बाजूच्या वेशीला मध्ययुगात संत व्हॅलेंटाइन यांचेच नाव होते. म्हणजे या नावाचा कुणी हुतात्मा होता आणि लोक त्याच्या थडग्यापाशी जात होते, इथवर जमीन पक्की आहे. पुढची चरित्रे मृत्यूनंतर काही शतकांनी लिहिली गेली. दोन्ही व्हॅलेंटाइनच्या कथा इतक्या मिळत्याजुळत्या आहेत, की दोघे मुळात एकच असावेत, असे अनेक अभ्यासकांना वाटते.

चोरून लग्ने लावल्याच्या कथेचे काय?

दरवर्षी व्हॉट्सॲपवर फिरणारी कथा सर्वांना पाठ आहे : लग्न झालेले सैनिक नीट लढत नाहीत म्हणून क्लॉडियसने लग्नांवर बंदी घातली; व्हॅलेंटाइन गुपचूप लग्ने लावत राहिले; पकडले गेले; तुरुंगाधिकाऱ्याच्या अंध मुलीला दृष्टी दिली आणि मरणाआधी तिला ‘तुझा व्हॅलेंटाइन’ अशी सही करून चिठ्ठी पाठवली.

क्लॉडियसने अशी बंदी घातल्याचा पुरावा रोमन इतिहासात नाही. जुन्या चरित्रात अंध मुलगी आहे, पण प्रेमप्रकरण नाही. अस्तेरियस नावाच्या अधिकाऱ्याच्या ताब्यात असताना व्हॅलेंटाइन त्याच्या घरातील मुलीला बरे करतात आणि ते पाहून सगळे घर बाप्तिस्मा घेते, एवढीच ती गोष्ट. तेर्नीच्या बिशपांच्या कथेतही एका विद्वानाच्या व्याधिग्रस्त मुलाला बरे केल्याचा चमत्कार आहे. आजारपण, चमत्कार, धर्मांतर, शिरच्छेद हा त्या काळच्या संतचरित्रांचा ठरलेला साचा. चिठ्ठी आणि तीवरची सही ही फार नंतरची भर आहे.

म्हणूनच मध्ययुगीन जर्मन भाषक प्रदेशात लोक व्हॅलेंटाइनना नवस बोलत ते प्रेमासाठी नव्हे, तर फेफरे बरे व्हावे म्हणून. मधमाश्या पाळणाऱ्यांचेही ते पालकसंत.

रोमन उत्सव झाकण्यासाठी हा दिवस आणला का?

ही दुसरी लोकप्रिय समजूत. प्राचीन रोममध्ये १५ फेब्रुवारीला ‘लुपरकेलिया’ हा उत्सव असे. बोकड बळी देऊन त्याच्या कातड्याच्या पट्ट्या हाती घेतलेले तरुण धावत आणि वाटेतल्या स्त्रियांना त्या पट्ट्यांचे फटके देत. त्यामुळे अपत्यप्राप्ती होते, अशी श्रद्धा होती. पाचव्या शतकाच्या अखेरीस पोप जेलेशियस यांनी या उत्सवावर कडक टीका करणारे पत्र लिहिले, ते उपलब्ध आहे. मात्र त्याऐवजी व्हॅलेंटाइनचा सण पाळा, असे त्यात कुठेही नाही. तारखा शेजारी आल्या आणि लोकांनी दुवा जोडला. मुलांनी मुलींच्या नावाच्या चिठ्ठ्या उचलण्याची प्रथा लुपरकेलियात होती, याला तर प्राचीन आधार नाहीच. ती समजूत १८ व्या शतकात अल्बन बटलर या इंग्रज धर्मगुरूने लिहिलेल्या संतचरित्रांनंतर पसरली.

मग प्रेम आले कुठून?

कवितेतून. १३८० च्या सुमारास इंग्रज कवी जेफ्री चॉसरने ‘पार्लमेंट ऑफ फाउल्स’ हे काव्य लिहिले. त्यात संत व्हॅलेंटाइनच्या दिवशी सगळे पक्षी निसर्गदेवतेसमोर जमून जोडीदार निवडतात. जॅक ओरुच या अभ्यासकाने १९८१ मध्ये असे मांडले, की चॉसरच्या आधी या संताचा शृंगाराशी संबंध जोडल्याचे एकही उदाहरण सापडत नाही. जवळपास त्याच काळात जॉन गोवर आणि ओतों द ग्रांसों यांच्या कवितांतही ही कल्पना दिसते.

पण इंग्लंडमध्ये फेब्रुवारीच्या मध्याला पक्षी कुठले जोडीदार शोधतात? थंडी ऐन भरात असते. त्यामुळे चॉसरच्या मनात ३ मे रोजी स्मरण होणारे जिनोआचे दुसरेच व्हॅलेंटाइन असावेत, असा तर्क हेन्री अँसगर केली यांनी मांडला. सर्वांना तो पटलेला नाही.

एवढे खरे, की ही कल्पना दरबारातून घराघरांत पोहोचली. १४७७ च्या फेब्रुवारीत मार्जरी ब्रूज या तरुणीने तिच्या नियोजित वराला, जॉन पॅस्टनला, पत्रात ‘माझा व्हॅलेंटाइन’ म्हटले. पत्रात हुंड्याची अडचणही आहे : वडील जास्त देऊ शकत नाहीत, तरी तू मला सोडू नकोस, अशी तिची विनवणी. इंग्रजीतले उपलब्ध असलेले सर्वांत जुने ‘व्हॅलेंटाइन’ म्हणून ते ओळखले जाते. पुढे दोघांचे लग्न झाले. १८४० मध्ये ब्रिटनमध्ये एका पेनीत टपाल जाऊ लागले आणि शुभेच्छापत्रांचा धंदा फोफावला.

चर्चने नाव का काढले?

१९६९ मध्ये पोप पॉल सहावे यांनी सणांच्या दिनदर्शिकेची फेररचना केली. संतांची गर्दी इतकी वाढली होती, की येशूच्या जीवनाशी निगडित मूळ सण झाकोळत होते. ज्यांच्याविषयी विश्वसनीय माहिती अपुरी होती, त्यांची नावे सामायिक यादीतून वगळून स्थानिक चर्चवर सोपवली गेली. व्हॅलेंटाइन यांच्याबाबत नाव, दफनाची जागा आणि तारीख याखेरीज हाती काहीच नव्हते. आता जगभरच्या चर्चमध्ये १४ फेब्रुवारीला स्लाव्ह लोकांत धर्मप्रसार करणारे सिरिल आणि मेथोडियस या भावांचे स्मरण होते. सिरिल यांचे निधन ८६९ मध्ये याच तारखेला झाले.

याचा अर्थ व्हॅलेंटाइन यांचे संतपद काढून घेतले, असा नाही. चर्चच्या अधिकृत संत-हुतात्मा यादीत १४ फेब्रुवारीला त्यांचे नाव आजही आहे. तेर्नीत ते ग्रामसंत असून दरवर्षी वाङ्‌निश्चय झालेली जोडपी तिथे जमतात. पोप ग्रेगरी सोळावे यांनी १८३६ मध्ये दिलेले त्यांचे अवशेष डब्लिनच्या एका चर्चमध्ये आहेत; तिथे लग्नाच्या अंगठ्यांना आशीर्वाद दिला जातो. रोममध्ये फुलांचा मुकुट घातलेली एक कवटीही त्यांचीच म्हणून दाखवतात. अवशेष आणखीही काही शहरांत आहेत. सगळे एकाच व्यक्तीचे कसे, हे विचारायचे नसते. २०१४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी १४ फेब्रुवारीलाच सेंट पीटर्स चौकात हजारो नियोजित वधूवरांची भेट घेतली होती. कवींनी दिलेली ओळख चर्चनेही अशी परत स्वीकारली आहे.

मात्र दिनदर्शिका कधी कधी अडचण करते. २०१८ आणि २०२४ मध्ये १४ फेब्रुवारीला राखेचा बुधवार आला. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाचा हा पहिला दिवस. वसईपासून गोव्यापर्यंतच्या कॅथलिकांना त्या दिवशी उपवास असतो, मांसाहार वर्ज्य असतो आणि कपाळी राख लावली जाते. असाच योग २०२९ मध्ये पुन्हा आहे.