पिंग जातोय, पण फाईल जात नाही!

"पिंग जातोय ना, मग नेटवर्क ओके!" हे वाक्य लॅबमध्ये आपण सगळेच ठोकून देतो. मीही द्यायचो. मावळातल्या एका छोट्या कारखान्यात ट्रेनिंगला गेलो आणि ते माझ्याच अंगाशी आलं.

कारखाना कामशेतजवळ, हेड ऑफिस पुण्यात. एक्सप्रेसवेवरचा कामशेतचा बोगदा सगळ्यांना ठाऊक आहे. आमचा बोगदा व्हीपीएनचा. म्हणजे वाट साध्या इंटरनेटचीच, पण माल कुलूपबंद. महिनाअखेर होती. कामगारांच्या हजेरीची फाईल संध्याकाळपर्यंत पुण्याला गेली नाही, तर पगार लांबणार होते. फाईल सुरू व्हायची आणि अडकायची. मी म्हणालो, "मॅडम, पिंग जातोय." अकाउंट्सच्या मॅडम म्हणाल्या, "अरे, मला पिंग नाही, हजेरी पाठवायचीय!"

मग एकेक तपासत गेलो. बोगदा चालू आहे का? होता. दोन्ही ऑफिसांचे आयपी एकाच रेंजमधले तर नाहीत? (तसे असले की पॅकेट पुण्याला न जाता इथल्याच मशिनला शोधत बसतं.) नव्हते. जाण्यायेण्याचे रूट दोन्हीकडे आहेत का? होते. फायरवॉलमध्ये फाईल शेअरिंगचा पोर्ट? खुला. मग उरला मालाचा आकार!

कोकण रेल्वे १९९९ पासून रो-रो गाडीने ट्रक नेते. रस्त्यावर चालणारा ट्रक वाघिणीवर चढला की एकूण उंची वाढते. म्हणून बोगद्यात अडकू नये यासाठी आधीच मोजतात. पॅकेटचंही तसंच. इथरनेटवर १५०० बाइटचं पॅकेट चालतं. व्हीपीएन त्यावर स्वतःचं वेष्टण चढवतं, शिवाय ब्रॉडबँडचं पीपीपीओई ८ बाइट खातं. 'तुकडे करू नका' अशी खूण असलेलं पॅकेट मावलं नाही की राउटर ते टाकून देतो आणि "लहान पाठव" असा आयसीएमपी निरोप उलटा धाडतो. आमच्या राउटरवर सुरक्षेच्या नावाखाली कुणीतरी तो निरोपच बंद केला होता! कॉम्प्युटर बिचारा तेच मोठं पॅकेट पुन्हापुन्हा पाठवत होता. विंडोजचा पिंग अवघ्या ३२ बाइटचा. ट्रकच्या वाटेवर सायकल, ती जाणारच!

मग पिंगलाच तुकडेबंदी घातली (मायनस एफ) आणि आकार वाढवत नेला (मायनस एल). १३९४ गेला, १३९५ अडकला. त्यात हेडरचे २८ बाइट मिळवा: १४२२. हीच बोगद्याची खरी उंची. दोन्ही राउटरांवर टीसीपीचा एमएसएस १३६० केला, म्हणजे दोन्हीकडचे कॉम्प्युटर सुरुवातीलाच लहान गठ्ठे ठरवतात. तो निरोपही पुन्हा सुरू केला. फाईल गेली, पगार वेळेवर झाले.

तेव्हा होस्टेलवर कुणी "पिंग जातोय" म्हणालं, तर एवढंच विचारा: केवढा?