कूलर दोन, उतार तोच

गळीत हंगाम भरात आला की कराड-वाळवा भागात उसाचे ट्रॅक्टर रांगेनं चालतात. मागं दोन ट्रॉल्या, गिअर खालचा, इंजिनाचा जीव घशाशी आणि वारा नावाला. ऑइल तापून पातळ होतं, प्रेशरचा काटा उतरतो. मग गॅरेजवाला सुचवतो, "एक ऑइल कूलर पुरंना झालाय, अजून एक जोडूया की."

साताऱ्याला इंजिन नवं नाही. पण एकामागे एक जोडलेले दोन कूलर किती निववतील, हे बहुतेक ठिकाणी अजून अंदाजानंच ठरतं. खरं तर त्याला तीन तपमानं मोजली की भागतं.

समजा, हवा ४० अंश आहे. कूलरमध्ये १२० अंशांचं ऑइल शिरतं, ९६ वर बाहेर पडतं. हवेशी फरक ८० अंशांचा, त्यातले २४ गेले. म्हणजे कूलर फरकाचे ३० टक्के खातो. तसाच दुसरा पुढं जोडला, तर त्याच्या वाट्याला उरलेल्या ७० टक्क्यांचे ३० टक्के येतात. बशीतला चहा आधी झपाट्यानं निवतो आणि मग रेंगाळतो, तसंच. दोघांचे मिळून ५१ टक्के, ६० नव्हे.

गंमत पुढं आहे. इंजिन ऑइलला उष्णता साधारण तेवढीच देतं, म्हणून ऑइलचा प्रवाह तोच राहिला तर दोन कूलरमधूनही उतार २४ अंशांचाच. मात्र तेवढ्या उतारासाठी आता ८० नाही, ४७ अंशांचा फरक पुरतो. शिरणारं ऑइल ८७ वर स्थिरावतं: पहिला कूलर १४ अंश काढतो, दुसरा १०. तिसरा जोडलात तर जेमतेम आणखी १० अंशांची कमाई, आणि पंपावर लांबलेल्या वाटेचा भार. थंड ऑइल घट्ट, त्यामुळं ती वाट आणखी जड.

हे सगळं दोघांना ताजी हवा मिळाली तर. एकाच्या पाठीला दुसरा चिकटवला, की त्याच्या नशिबी पहिल्याची गरम फुंकर.

आणि पाचट विसरू नका. धूळ-भुशानं फिन बुजून ३० टक्क्यांचे २० झाले, तर दोन कूलर असूनही ऑइल १०७ वर जातं.