रेडिओहेडचा अबोल ड्रमवादक : चाहत्यांच्या चर्चेत सेल्वे का असतात?

रेडिओहेड या इंग्लंडमधील आर्ट रॉक बँडने २०१८ नंतर सात वर्षे रंगमंचावर पाऊल ठेवले नव्हते. सप्टेंबर २०२५ मध्ये हे मौन सुटले. माद्रिद, बोलोन्या, लंडन, कोपनहेगन आणि बर्लिन या पाच शहरांत मिळून २० मैफली होणार असल्याचे जाहीर झाले. जगभरच्या चाहत्यांना या बातमीइतकीच आणखी एक गोष्ट लक्षणीय वाटली. दौऱ्याचे निवेदन आले ते ड्रमवादक फिलिप सेल्वे यांच्या नावाने. बँडमध्ये सर्वांत कमी बोलणारा म्हणून ज्याची ओळख, त्यानेच सर्वांच्या वतीने शब्द उच्चारावा, याचे रसिकांना अप्रूप वाटले.

हे अप्रूप समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागते. १९८५ मध्ये ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन येथील शाळेत पाच विद्यार्थी एकत्र आले. टॉम यॉर्क, जॉनी आणि कॉलिन ग्रीनवुड हे बंधू, एड ओब्रायन आणि या सर्वांत वयाने मोठे असलेले सेल्वे. आरंभीचे ‘ऑन अ फ्रायडे’ हे नाव पुढे बदलले आणि टॉकिंग हेड्स या अमेरिकन बँडच्या एका गाण्यावरून ‘रेडिओहेड’ हे नाव घेतले गेले. हेच पाच जण आजही बँडमध्ये आहेत. रॉक संगीताच्या ठरीव चौकटीत चित्रकला, चित्रपट, इलेक्ट्रॉनिक ध्वनी आणि पाश्चात्त्य अभिजात संगीत यांतील प्रयोग आणणाऱ्या प्रवाहाला स्थूलमानाने आर्ट रॉक म्हणतात. रेडिओहेड हे त्याचे ठळक उदाहरण.

अशा बँडचे चाहते गाणी ऐकून थांबत नाहीत, त्यांचे अर्थ लावत बसतात. त्यासाठी व्हिडिओंनी भरपूर खाद्य पुरवले आहे. १९९५ च्या ‘जस्ट’ या व्हिडिओत एक माणूस भर रस्त्यात आडवा होतो. लोक कारण विचारतात. अखेर तो काहीतरी सांगतो आणि ऐकणारे सगळेच जमिनीवर पडतात. त्याचे हे वाक्य मात्र उपशीर्षकांतून वगळलेले आहे, आणि ते काय असावे यावर आजतागायत तर्क चालू आहेत. ‘नो सर्प्रायझेस’मध्ये यॉर्क यांचे डोके काचेच्या गोलात असून तो हळूहळू पाण्याने भरत जातो. ‘लोटस फ्लॉवर’मध्ये यॉर्क एकटेच नाचतात. २००८ चा ‘हाऊस ऑफ कार्ड्स’ कॅमेऱ्याविना, लेझर आणि प्रकाशाच्या साहाय्याने आकृत्या टिपून तयार झाला. यांपैकी बहुतेक ठिकाणी ड्रमवादक दिसत नाही. पडदा गायकाचा किंवा कल्पनेचा असतो. सेल्वे कोठे आहेत, हे कानांनीच शोधावे लागते.

तसे शोधण्यासाठी ‘पिरॅमिड साँग’ हे २००१ चे गाणे उत्तम. त्याच्या व्हिडिओत बँडचा एकही सदस्य नाही. बुडालेल्या शहरात उतरणाऱ्या पाणबुड्याची ती संगणकावर घडवलेली चित्रकथा आहे. गाणे पियानोच्या स्वरसमूहांनी सुरू होते, पण ते अशा अंतरांनी येतात की मात्रा मोजणाऱ्याचा हिशेब चुकत राहतो. जवळजवळ दोन मिनिटांनंतर सेल्वे यांचे ड्रम येतात आणि तोवर अधांतरी वाटणाऱ्या आघातांना एकाएकी आधार मिळतो. या गाण्याचा ताल नेमका कसा मोजावा, यावर चाहते आणि संगीताचे अभ्यासक अजूनही वाद घालतात. ख्यालगायनाच्या मैफलींत बसलेल्या वाचकाला यातील मर्म चटकन उमजेल. विलंबित लयीत गायक दूरवर विहार करतो, कारण तबल्यावर कोणीतरी ठेका सोडत नाही. तबलजीने तेथे काही करून दाखवले नाही, म्हणून त्याचे काम हलके ठरत नाही.

मात्र सेल्वे यांच्यासमोर असा एक प्रश्न उभा राहिला, जो संगतकारांना सहसा पडत नाही. ताल यंत्रच धरणार असेल, तर वादकाने काय करायचे? त्याची चाहूल १९९७ च्या ‘ओके कॉम्प्युटर’ या अल्बममध्येच लागली होती. त्यातील ‘एअरबॅग’ या पहिल्या गाण्यासाठी सेल्वे यांच्या वादनातील काही सेकंदांचा तुकडा संगणकावर कापून जोडण्यात आला. पुढे २००० च्या ‘किड ए’मध्ये बँडने गिटार बऱ्याच अंशी बाजूला ठेवल्या. ‘इडिओटेक’ या गाण्याचा ताल तर सर्वस्वी इलेक्ट्रॉनिक आहे. ज्या बँडमध्ये पंधरा वर्षे वाजवले, त्याच्याच नव्या गाण्यात आपल्या वाद्याला जागा नसणे ही कोणत्याही कलावंतासाठी कसोटीची वेळ असते. अशा वळणावर अनेक बँड फुटतात.

सेल्वे यांनी या प्रश्नाचे उत्तर रंगमंचावर दिले. ध्वनिमुद्रणात यंत्राने वाजवलेले ‘इडिओटेक’ मैफलीत ते स्वतः वाजवू लागले. यंत्राची नियमितता आणि माणसाच्या हाताचा जोर एकत्र आल्याने या गाण्याचे मैफलीतील रूप कित्येक रसिकांना मुद्रित गाण्याहून प्रिय आहे. २०११ च्या ‘द किंग ऑफ लिम्ब्स’ या अल्बममधील गुंतागुंतीचे, तुकड्या-तुकड्यांनी रचलेले ताल एका माणसाच्या दोन हातांत मावणारे नव्हते. तेव्हा क्लाइव्ह डीमर हे दुसरे ड्रमवादक मैफलींसाठी सोबत घेण्यात आले. आपल्या शेजारी दुसरा ड्रमसंच मांडलेला पाहून एखाद्याचा अहंकार दुखावला असता. ‘फ्रॉम द बेसमेंट’ या मालिकेसाठी झालेल्या त्या अल्बमच्या चित्रीकरणात मात्र दोघे एकमेकांना वाट करून देत वाजवताना दिसतात. व्हिडिओंत न दिसणारे सेल्वे येथे डोळे भरून पाहता येतात. म्हणूनच अशी चित्रीकरणे चाहते पुन्हा पुन्हा पाहतात.

हा स्वभाव बँडबाहेरही दिसतो. मानसिक संकटातील माणसांचे बोलणे दूरध्वनीवर ऐकून घेणाऱ्या ‘समॅरिटन्स’ या ब्रिटिश संस्थेचे स्वयंसेवक म्हणून सेल्वे यांनी अनेक वर्षे काम केले. दुसऱ्याचे ऐकणे हेच त्या कामाचे सूत्र. २०१० मध्ये ‘फॅमिलियल’ या अल्बमद्वारे ते गायक-गीतकार म्हणून पुढे आले, तेही संयत, मृदू आवाजात. २०२३ च्या ‘स्ट्रेंज डान्स’ या स्वतःच्या अल्बममध्ये तर त्यांनी ड्रमसाठी व्हॅलेंटिना मागालेट्टी यांना बोलावले. गाण्याला ज्या हाताची गरज आहे, तो आपलाच असला पाहिजे असा त्यांचा हट्ट नाही.

चाहत्यांच्या चर्चेत सेल्वे यांना मिळणारे स्थान या वृत्तीमुळे आहे. यॉर्क यांचे नृत्य, जॉनी ग्रीनवुड यांची गिटार किंवा एखाद्या व्हिडिओचे गूढ यांवर बोलण्यास सुरुवात सहज होते. गाणे बारकाईने ऐकू लागलेला रसिक मात्र लवकरच विचारू लागतो, की हे सर्व कोसळत कसे नाही? रेडिओहेड नव्याने ऐकू इच्छिणाऱ्या वाचकाने ‘पिरॅमिड साँग’पासून आरंभ करावा. पहिली दोन मिनिटे ताल मोजण्याचा प्रयत्न करावा, आणि मग ड्रम येताच काय बदलते ते ऐकावे.