विद्युत् ब्रेक, प्रवासी ट्रेलरचे
मोटारगाडीच्या मागे जोडून ओढावयाच्या, राहण्याची सोय असलेल्या ट्रेलरच्या चाकांवरील विजेवर चालणारे ब्रेक. अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा येथे ते सर्रास वापरतात. यूरोपात मात्र ट्रेलर पुढील गाडीवर रेटला गेल्यामुळे दाबले जाणारे यांत्रिक ब्रेक रूढ आहेत. विद्युत् ब्रेक निकामी असल्यास ट्रेलरचा सर्व भार ओढणाऱ्या गाडीच्या ब्रेकांवर पडतो. लांब उतारावर ते तापून क्षीण होतात आणि ट्रेलर गाडीला पुढे ढकलू लागतो.

या ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणारा ड्रम, दोन ब्रेक शू, एक तरफ व तिच्या टोकाशी विद्युत् चुंबक असतो. चुंबक स्वतः चाक थांबवीत नाही. १२ व्होल्ट दाबाचा प्रवाह मिळताच तो ड्रमच्या आतील सपाट पृष्ठभागाला चिकटतो व घर्षणामुळे त्याच्याबरोबर थोडा ओढला जातो. त्यामुळे तरफ फिरून शू ड्रमवर दाबले जातात. प्रवाह किती द्यावयाचा हे चालकाजवळील नियंत्रक ठरवितो.

दोष शोधताना प्रथम शू व ड्रम यांमधील अंतर पाहावे. विजेचा दोष समजून ज्यावर वेळ खर्च होतो, असे कित्येक दोष केवळ सैल समायोजनाचे असतात. चाक उचलून ते फिरेनासे होईपर्यंत समायोजक चक्री फिरवितात व नंतर किंचित घर्षण राहील इतकी मागे घेतात.

त्यानंतर नियंत्रकापासून निघणाऱ्या तारेत, म्हणजे बहुधा निळ्या तारेत, अँमीटर एकसरीत जोडून पूर्ण दाब देतात. १० वा १२ इंची ड्रमच्या प्रत्येक चुंबकाला सुमारे ३ अँपिअर प्रवाह लागतो. म्हणून चार ब्रेकांच्या ट्रेलरमध्ये सुमारे १२ अँपिअर दिसावयास हवेत. प्रवाह शून्य असल्यास मुख्य तार तुटलेली असते किंवा परतीची जोडणी सुटलेली असते. सुमारे ९ अँपिअर दिसल्यास एका चुंबकाचे मंडल खंडित असण्याचा संभव असतो, तर फार अधिक प्रवाह लघुमंडल दर्शवितो. सर्वच चुंबकांना प्रवाह कमी मिळत असेल, तर बारीक तार वा गंजलेली जोडणी यांत दाब खर्च होत असतो. ट्रेलर जोडण्याच्या गोळ्यावर परतीच्या मार्गासाठी विसंबणे चूक आहे. त्याकरिता स्वतंत्र तार हवी.

कधी चालणारे व कधी न चालणारे ब्रेक ही सर्वांत त्रासदायक तक्रार होय. आसाच्या पोकळ नळीतून एका चाकाकडून दुसऱ्याकडे नेलेली तार हादऱ्यांनी घासून तिचे निरोधक आवरण झिजते. ट्रेलर उभा असता सर्व मापने बरोबर येतात, पण रस्त्यावर तार नळीला टेकते. अशी तार आसाच्या बाहेरून नेणे हा खात्रीचा उपाय होय.

ट्रेलर सुटल्यास ब्रेक लावणारा आपत्कालीन स्विच शोधकार्यात उपयोगी पडतो. ओढणाऱ्या गाडीची विद्युत् जोडणी काढून त्याची खीळ ओढावी. अन्यथा नियंत्रक बिघडण्याचा धोका असतो. यामुळे ब्रेक लागले, तर दोष गाडीत किंवा जोडखुंटीत असतो. चाचणी अल्पकाळच करावी, कारण घटमाला रिकामी होते व चुंबक तापतात.

ब्रेक एकाएकी पकडत असल्यास ड्रम उघडून पाहावा. धारव्यांची गळपट्टी फाटून वंगण शूवर आले असल्यास शू बदलावेच लागतात. ड्रम मात्र धुऊन वापरता येतो. दमट हवेत उभ्या राहिलेल्या ट्रेलरचे ड्रम गंजतात व पहिल्या काही थांब्यांना झटका बसतो; हा दोष नव्हे. चुंबकाच्या झिजलेल्या पृष्ठातून तांब्याचे वेटोळे दिसू लागल्यास आसावरील दोन्ही चुंबक एकदम बदलतात, नाहीतर ट्रेलर एका बाजूस ओढतो. चुंबकाच्या दोन तारांपैकी कोणतीही कोठेही जोडली तरी चालते.

दुरुस्तीनंतर मोकळ्या रस्त्यावर ताशी सुमारे ३० ते ४० किमी. वेगाने जाताना नियंत्रकाच्या हातदांड्याने फक्त ट्रेलरचे ब्रेक लावून पाहतात. चाके न अडकता ट्रेलरने गाडीस मागे खेचल्याचे स्पष्ट जाणवले पाहिजे. ट्रेलर हेलकावे खाऊ लागल्यास याच हातदांड्याने त्याला सरळ रेषेत आणता येते.