कोरलईचे भूशिर

सह्याद्री आणि अरबी समुद्र यांच्यामधील कोकणच्या चिंचोळ्या पट्टीत किनारा सरळ रेषेत धावत नाही. कोठे खाडी जमिनीत खोलवर शिरलेली असते, कोठे वाळूची पुळण पसरलेली असते, तर कोठे डोंगराची एखादी सोंड थेट समुद्रात उतरलेली दिसते. समुद्रात शिरलेल्या जमिनीच्या अशा उंच, खडकाळ टोकास भूशिर म्हणतात. महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यात, अलिबागच्या दक्षिणेस सुमारे वीस किलोमीटरवर असलेले कोरलईचे भूशिर हे त्याचे ठळक उदाहरण होय.

या भागातील खडक काळा बसाल्ट आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हारस वारंवार बाहेर पडला आणि त्याचे थर एकावर एक साचत गेले. त्यातूनच दख्खनचे पठार आणि सह्याद्री घडले. सगळेच थर सारखे टणक नसतात. लाटांच्या माऱ्याने ठिसूळ भाग झिजून जातो आणि कठीण भाग समुद्रात पुढे आलेला राहतो. कोरलईच्या डोंगराच्या पश्चिमेस उघडा समुद्र असून पूर्वेस कुंडलिका नदीची खाडी आहे. खाडीच्या मुखापलीकडे रेवदंडा गाव दिसते. खाडीत शिरणाऱ्या प्रत्येक गलबताला या डोंगराच्या पायथ्याजवळूनच जावे लागे. कोरलईचा पुढील सारा इतिहास या एका गोष्टीतून घडला.

रेवदंड्याला लागून असलेले चौल हे पश्चिम किनाऱ्यावरील फार जुने बंदर होते. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत त्याचा उल्लेख चेमुल असा येतो. ग्रीक खलाशांना ते ठाऊक होते, दहाव्या शतकात अरब प्रवासी अल्‌-मसूदी येथे आला होता, तर पंधराव्या शतकात रशियन व्यापारी अफनासी निकितीन याच बंदरात उतरला. सोळाव्या शतकात या समृद्ध बंदराकडे पोर्तुगीजांचे लक्ष गेले. १५०८ मध्ये चौलजवळच्या समुद्रात इजिप्त आणि गुजरात यांच्या आरमारांनी पोर्तुगीजांचा पराभव केला. त्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा पुत्र लोरेंसो द आल्मैदा मारला गेला. तरीही १५२१ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीची परवानगी मिळवून पोर्तुगीजांनी रेवदंड्यास कोट उभारण्यास प्रारंभ केला. पुढे दोन्ही सत्तांमध्ये वितुष्ट आले. १५७०-७१ मध्ये निजामशाही फौजेने रेवदंड्यास घातलेला प्रदीर्घ वेढा यशस्वी झाला नाही.

कोट जिंकता येत नसला, तरी समोरच्या डोंगरावरून त्याच्यावर तोफा डागता येतील, हे निजामशाहीने ओळखले. दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाच्या काळात कोरलईच्या माथ्यावर किल्ला बांधण्यात आला आणि रेवदंड्याची जहाजे तोफांच्या टप्प्यात आली. पोर्तुगीजांना हा धोका परवडणारा नव्हता. सप्टेंबर १५९४ मध्ये त्यांनी मोठ्या हल्ल्यानंतर हा किल्ला काबीज केला. पोर्तुगीज कागदपत्रांत या जागेचे नाव ‘मोरो’, म्हणजे उंच गोलसर टेकडी, असे येते.

किल्ल्याची रचना डोंगराच्या आकारानुसार झालेली आहे. डोंगराचा माथा लांबट व अरुंद असल्याने तटबंदीही लांबच लांब पसरलेली आहे. आडव्या भिंती आणि दरवाजे यांनी माथ्याचे भाग पाडलेले आहेत. एक भाग शत्रूच्या हाती पडला, तरी पुढच्या भागात लढाई चालू ठेवता यावी, हा त्यामागील हेतू होता. पावसाचे पाणी साठविण्याची टाकी, पडझड झालेले प्रार्थनामंदिर आणि काही जुन्या तोफा आजही पाहावयास मिळतात. छत्रपती संभाजी महाराजांच्या काळात १६८३ मध्ये मराठ्यांनी चौल व कोरलईवर चाल केली, परंतु किल्ला हाती आला नाही. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि पोर्तुगीजांचे बळ खचले. १७४० च्या तहाने चौल आणि कोरलई मराठ्यांच्या ताब्यात आले. १८१८ मध्ये पेशवाई संपुष्टात आल्यावर इंग्रजांचा अंमल सुरू झाला.

पोर्तुगीज सत्ता गेली, पण तिच्या काळात ख्रिस्ती झालेली गरीब स्थानिक कुटुंबे येथेच राहिली. डोंगराच्या पायथ्याशी त्यांची वस्ती झाली. त्यांच्या घरांत पोर्तुगीजपासून घडलेली एक मिश्र बोली बोलली जाई. तिला ते ‘नो लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’, असे म्हणतात. मुंबई, वसई या भागांतही अशा बोली होत्या. त्या कालांतराने नाहीशा झाल्या. कोरलईची बोली मात्र टिकली. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि आजूबाजूच्या वस्तीहून निराळा धर्म यांमुळे हा समाज बराच काळ एकटा राहिला. धर्मगुरूंमुळे पोर्तुगीज भाषेशी थोडा संबंधही उरला.

एकटा राहिला, तरी हा समाज मराठीपासून दूर नव्हता. शेत, बाजार आणि शाळा येथे मराठीच होती. पोर्तुगीज वाक्यात क्रियापद सामान्यतः कर्माच्या आधी येते, म्हणजे ‘तो खातो भात’ असा क्रम असतो. कोरलईच्या बोलीत मात्र ‘तो भात खातो’ या मराठी वाक्याप्रमाणे क्रियापद शेवटी येऊ लागले. शब्द पोर्तुगीज वळणाचे आणि वाक्याची ठेवण मराठी, असे तिचे रूप झाले. मराठीनेही पगार, चावी, घमेले, बटाटा असे कितीतरी शब्द पोर्तुगीजमधून घेतले आहेत. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या भाषाशास्त्रज्ञाने या बोलीचा सविस्तर अभ्यास करून १९९६ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला.

१९८० च्या दशकात रेवदंड्याच्या खाडीवर पूल झाला आणि कोरलईचे एकटेपण संपले. दवाखाना, महाविद्यालय, नोकरी या गोष्टी जवळ आल्या आणि त्या गावाला हव्याच होत्या. त्याबरोबरच तरुण मंडळी कामासाठी मुंबईकडे जाऊ लागली, मुलांच्या तोंडी मराठी आणि इंग्रजी अधिक रुळली. ही बोली बोलणाऱ्यांची संख्या आज सुमारे एक हजार किंवा त्याहूनही कमी आहे. तिची लेखनपरंपरा नसल्याने ती पुस्तकातून शिकण्याची सोय नाही. ढासळलेला तट दगडचुन्याने पुन्हा उभा करता येतो. बोली टिकायची असेल, तर घरातील वडीलधाऱ्यांनी मुलांशी त्या भाषेत बोलत राहिले पाहिजे आणि शेजाऱ्यांनी तिला हसता कामा नये.